बुधवारची पानं

तिसऱ्या बुधवारी तमार बसमधून उतरलीच नाही. थांबा आला, दार उघडलं, मिटलं, आणि मिसेस गेलफंड यांच्या घराच्या पायऱ्या मागे जाताना ती खिडकीतून बघत राहिली.

त्या उन्हाळ्यात क्लीव्हलंडमधल्या सेवा-शिष्यवृत्तीसाठी बारा ज्यू विद्यार्थी निवडले होते. प्रत्येकाला एकटं राहणारं एकेक वयस्कर माणूस नेमून दिलं होतं. आठ आठवडे, दर बुधवारी दोन तास त्यांच्यापाशी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर एक पान लिहून द्यायचं, एवढंच काम. तमारच्या वाट्याला फ्रूमा गेलफंड आल्या. वय चौऱ्याऐंशी, ओडेसाला सारी हयात गणित शिकवून मग मुलापाठोपाठ इकडे आलेल्या. मुलगा आर्काडी आता दूर सिॲटलला असायचा.

पहिल्या भेटीत त्यांनी तमारने दुकानातून आणलेला कुगेल, म्हणजे शेवयांचा भाजलेला ज्यू पदार्थ, चाखला आणि बशी बाजूला सारली. हे गोड आहे की खारट, हे करणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही, म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत तमारने लाडात येऊन आजी म्हटलं, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"मिसेस गेलफंड म्हण. आणि एक सांग, तू माझ्यासाठी येतेस की तुझ्या त्या कागदासाठी?"

खरं उत्तर तमारला ठाऊक होतं. पुढच्या वर्षीच्या अर्जात हे काम शोभून दिसणार होतं.

म्हणून तिसऱ्या बुधवारी ती चार थांबे पुढे उतरली आणि कॉफीच्या दुकानात दोन तास बसून राहिली. पानावर काय लिहायचं हा प्रश्न होता. तिने लिहिलं, आज मिसेस गेलफंड यांनी मला बकव्हीट नावाच्या धान्याची खिचडी शिकवली, कांदा मंद आचेवर किती वेळ परतायचा ते हात धरून दाखवलं. पान चांगलं उतरलं.

त्यानंतरचं सोपं गेलं. चौथ्या पानात दोघी तळ्यापर्यंत फिरून आल्या. पाचव्यात मिसेस गेलफंड यांनी अंगाईगीत म्हटलं आणि मध्येच त्यांचा गळा दाटून आला. कार्यक्रमाची प्रमुख शोशाना हिने तमारला बोलावून सांगितलं, की इतकं मन लावून काम करणारं कुणी गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं. तमारने मान खाली घातली. शोशानाला तो विनय वाटला.

गुन्हा केल्यासारखं तर सतत वाटत होतं. सातव्या बुधवारी ते असह्य झालं आणि ती त्या पायऱ्यांपर्यंत गेली. खिडकीतून मिसेस गेलफंड दिसल्या. टेबलावर दोन कप मांडलेले, समोर उघडी वही, आणि नजर दाराकडे. कुणी खास पाहुणा येणार असेल, तमारने स्वतःला समजावलं आणि पाय न वाजवता परत फिरली. त्या आठवड्याचं पान तिने सगळ्यात मोठं लिहिलं.

ऑगस्टच्या अखेरीस निरोपाचं जेवण होतं. हेरिंग मासा, ब्लिंट्झची धिरडी, मधाचा केक. सगळी वृद्ध मंडळी आली होती. मिसेस गेलफंड निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसलेल्या दिसल्या आणि तमार सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली. त्यात शोशानाने तमारचं अंगाईचं पान सगळ्यांना वाचून दाखवलं. सभागृहात काही जणींनी डोळे पुसले. मग शोशाना खाली वाकून म्हणाली, मिसेस गेलफंड, दोन शब्द तुम्हीही बोला.

त्या टेबलाला धरून उठल्या. तमारने डोळे मिटून घेतले.

"ही मुलगी दर बुधवारी येत होती," मिसेस गेलफंड म्हणाल्या. "एकही बुधवार चुकवला नाही हिने. मी हिची ऋणी आहे."

टाळ्या वाजल्या. तमारला रडू आवरेना. जिला आपण टाळलं त्याच बाईने सगळ्यांसमोर आपली लाज राखली होती. जेवणं आटोपताच ती त्यांच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली.

"मिसेस गेलफंड, तुम्ही माझ्यासाठी... माझं फार चुकलं."

"तुझं कसलं चुकलं? चुकले मी." त्यांनी तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. "कार्यक्रमाच्या ऑफिसातून तुझं प्रत्येक पान मला टपालाने यायचं. आर्काडीलाही जायचं. आधी वाटलं, पोरगी खोटं लिहिते. त्याबद्दल माफ कर मला. इतक्या मायेने कोण खोटं लिहील, आणि कशासाठी? मी आर्काडीला सांगायची की कुणी आलंच नाही, तर तो नुसता गप्प व्हायचा. शेवटी एका बुधवारी वही उघडून दाराकडे तोंड करून बसले. म्हटलं, आली की लगेच लिहून ठेवायचं, विसरायला नको. दुसऱ्या दिवशी बघते तर वही कोरी, आणि दोन दिवसांनी तुझं पान आलं, चांगलं लांबलचक."

तमार त्यांच्या हातावर डोकं टेकवून रडू लागली.

"रडू नकोस, बाळ. तुझ्यामुळे निदान वेळेवर कळलं," मिसेस गेलफंड म्हणाल्या. "डोकं गेलेल्यांना ठेवतात ना, दाराला बाहेरून कुलूप असतं, तिथे जायच्या कागदावर मी काल सही केली."