वरचा आड

डॉक्टरनं केरूचा पाय स्टुलावर घेतला आणि नारूच्या जंताचं दोऱ्यासारखं लोंबणारं टोक हळूच काडीला गुंडाळलं. रोज थोडाथोडाच गुंडाळायचा, घाई केली आणि आत तुटला की पाय गेला, असं त्यानं बजावलं. हे बनाबाईला कुणी सांगायला नको होतं. गेल्या साली नवऱ्याच्या डाव्या पायातला नारू असाच तुटला होता. गुडघा आखडला तो आखडलाच. आता उजवा. खडी फोडणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय गेले, तर घरातल्या पोरांनी काय खडी खायची?

डॉक्टर नवा होता, पुण्याकडचा, मनानं चांगला. यावर सुई नाही, गोळी नाही, हे सांगताना त्याचाच चेहरा उतरला. पाणी कुठलं पिता, असं त्यानं विचारलं. बनाबाई म्हणाली, बारवेचं. पायऱ्या उतरून आत जायचं आणि घागर बुडवायची. गावातली म्हसरं तिथंच डुंबतात आणि नारूनं ज्याच्या पायाची आग होते, तोही तिथंच पाय सोडून बसतो.

"मग त्यांच्या पायातला नारू तुमच्या घागरीत येतो," डॉक्टर म्हणाला. पाणी उकळा, नाहीतर दुपदरी फडक्यानं गाळून घ्या, असं त्यानं सांगितलं. बनाबाईनं आपल्या पदराकडं पाहिलं. त्यात कापड कमी आणि भोकं जास्त होती. सरपणाचं तर त्या दुष्काळात बोलायलाच नको.

"गावात दुसरं पाणी नाही?"

"हाय की. वरचा आड हाय, रहाटाचा. त्यात कुनाचा पाय पडत न्हाई."

"झालं तर. त्याचंच पाणी प्या. तुमच्या घराला तेच औषध समजा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच."

कंपाउंडर त्याच भागातला होता, तो खिडकीबाहेर बघत बसला. डॉक्टरनं पुढं काही विचारलं नाही आणि त्याला कुणी काही सांगितलंही नाही.

उंब्रजच्या फाट्यावर एसटीतून उतरून दोघं चालत घरी आली. केरूनं वाटेतच सांगितलं होतं, त्या आडाचा नाद सोड, उगा तमाशा नको. ती ऐकून घेत होती. घरी येताच तिनं त्याला भिंतीला टेकून बसवलं, घागर उचलली आणि वरच्या आडाची वाट धरली.

बनाबाईच्या महारवाड्यानं धर्म बदलला, घराघरांत तसबिरी लागल्या, पण आडाच्या कठड्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कायदाही होता म्हणे, सातारला. तिला बघून पाणी शेंदणाऱ्या बायकांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या. बनाबाई लांबच थांबली. गावातले जाणते आप्पासो शेजारच्या पारावर बसले होते. तिनं त्यांनाच गाठलं.

"आप्पासो, डाक्टरनं सांगितलंय, ह्या आडाचं पानी औषध म्हनून प्यायचं. न्हाईतर आमच्या मालकाचा ह्योबी पाय जाईल."

बायका आप्पासोंकडं बघू लागल्या. आप्पासो काही वाईट माणूस नव्हते. कुणाला विंचू चावला तर जेवत्या ताटावरनं उठून जाणारे. त्यांना खरोखरच कळवळा आला. औषधाला नाही म्हणायला आम्ही काय राक्षस आहोत का, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. बनाबाईच्या जिवात जीव आला. तिनं घागर खाली ठेवली आणि घागरीचं तोंड पदरानं पुसून घेतलं.

आप्पासोंनी घराकडं हाक मारली. सून आतून टॉनिकची रिकामी बाटली घेऊन आली. त्यांनी ती स्वतः विसळली, ताजा पोहरा वर घ्यायला लावला, बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच घट्ट दाबलं आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवून ते दोन पावलं मागं सरले.

"सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घाल त्याला," ते मायेनं म्हणाले. "सपलं की ये पुन्ना. औषधाला लाजायचं न्हाई."