नाडीने बांधलेला दिवा

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सायकलचा मागचा दिवा कॅरिअरला चक्क पायजम्याच्या नाडीने बांधला होता!

"नाडी? लोक हसतील, मामा." माझा परदेशी दिवा सीटखालच्या दांड्याला खास क्लॅम्पने बसवलेला होता.

"पडत नाही ना? मग झालं," ते म्हणाले. असल्या माणसांना काय सांगणार!

बाजारातून निघेपर्यंत अंधारलं. कॅरिअरवर भाजीची फुगलेली पिशवी उभी बांधून मी निघालो. मामा घरापर्यंत माझ्या मागेच. दोनदा 'पुढे व्हा' म्हटलं, तरी ढिम्म. दम नसेल म्हाताऱ्यात!

दारात पिशवी सोडली आणि मागची भिंत लाल झाली. माझा दिवा वाटभर पिशवीआड लुकलुकत होता.

"असू द्या, जावईबापू," मामा नाडी सोडत म्हणाले, "माझा होता की तुमच्या मागे."