चादरीची चार टोकं

काचेच्या गोल दारामागे एक पांढरा टॉवेल फिरत होता. वर जायचा, जरासा तरंगायचा, पडायचा, पुन्हा वर. ती त्याच्याकडे बघत उभी होती आणि दुकानातल्या बाईंचा आवाज तिला कुठूनतरी लांबून ऐकू येत होता.

"हा पाइपवाला ड्रायर, मावशी. दमट हवा बाहेर फेकतो. स्वस्त आहे, पण भिंतीला भोक पाडावं लागेल. हा कंडेन्सरवाला. ह्याला भोक नको, कपड्यांतलं पाणी आतल्या डब्यात साठतं, तेवढं ओतून टाकायचं. आणि हा हीट पंपवाला. वेळ घेतो, पण वीज कमी खातो आणि कपड्याला जपतो."

"हाच घेऊ," लेक म्हणाली. "मोठाच घेऊ, एकदाची कटकट मिटेल. आईचा खांदा धरलाय हो, हात कानाच्या वर जात नाही. आणि घरात बघावं तिथं ओले कपडे. पाहुणा आत आला की आधी तोंडावर पायजमा."

बाई हसल्या. तीही हसली. लेकीचं काय चुकत होतं? काही नाही. खांदा खरा होता आणि पायजमाही खरा होता.

नवरा मागे खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. नातेवाइकांत त्याला मौनीबाबा म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. जेवताना त्यानं नुसतं मीठ मागितलं, तरी आज बाबांनी भाषण केलं म्हणून लेक चिडवायची.

पण तो बोलायचा. हे फक्त तिला ठाऊक होतं. चादर झटकताना बोलायचा.

धुतलेली चादर मशिनमधून पीळ पडून निघते, एकट्या माणसाच्यानं काही ती सरळ होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन त्याच्या. मागे सरायचं, ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत जवळ येऊन टोकाला टोक लावायचं. चादर मध्ये आली की ह्या गृहस्थाची जीभ सुटायची. तोंड दिसत नसे म्हणून असेल, हात गुंतलेले असत म्हणून असेल, देव जाणे. "छापखान्यातून काढतायत बहुतेक मला," हे त्यानं चादरीमागून सांगितलं होतं. लेक पोटात होती तेव्हा, "मुलगी झाली तर बरं होईल," हेही. एकदा दोघांचं चांगलंच वाजलं, बोलणं बंद झालं. तेव्हा तिनं धुतलेलीच चादर पुन्हा धुतली आणि दोन टोकं धरून खोलीच्या मध्यावर उभी राहिली. बऱ्याच वेळानं समोरची टोकं उचलली गेली. "चुकलं माझं," चादर म्हणाली.

टॉवेल फिरत होता. बघता बघता तिला वाटलं, आत आपलीच चादर आहे, निळ्या काठाची, आणि ती एकटीच सरळ होते आहे. कोमट, मऊ, कुणी ताणायला नको, कुणी झटकायला नको. घर कसं मोकळं झालंय. दोऱ्या गेल्या, उन्हाचा चौकोन थेट फरशीवर पडलाय. त्याच्या एका कडेला खुर्चीवर तो बसलाय, दुसऱ्या कडेला ती. आणि मध्ये काहीच नाही.

तिनं काचेवरची नजर काढून घेतली.

सांगायचं तरी कुणाला? लेकीला सांगावं तर ती पोट धरून हसेल. आणि ह्याला विचारावं, तर ह्याला तरी ते ठाऊक होतं का? त्याच्या लेखी ते नुसतं धुणं वाळत घालणं असेल. खरी भीती तिला ह्या गोष्टीचीच वाटत होती. खांद्याचं काय, तो दुखायचाच.

"काढू का मग बिल?" बाईंनी विचारलं.

"काढा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक आला.

मागे खुर्ची सरकली. नवरा उठून यंत्रापाशी आला, वाकला आणि काचेतून आत बघत राहिला.

"ह्यात चादर मावते?"

"मावते की, काका. डबलबेडच्या दोन मावतात."

"मग हा नको."

लेकीनं चमकून बापाकडे पाहिलं.

"चादर मावत नाही असा आहे का एखादा?" त्यानं विचारलं.

असं गिऱ्हाईक बाईंना आजवर भेटलं नसावं. त्यांनी कोपऱ्यात भिंतीवर टांगलेल्या एका लहानग्या ड्रायरकडे बोट दाखवलं. "तो आहे. पण त्यात शर्ट, टॉवेल, असलंच बारीकसारीक. चादर घातली तर गोळा होऊन बसते."

"तो द्या."

"अहो बाबा, आणि चादरींचं काय करायचं?"

"त्या राहू देत." हातांचं काय करावं हे त्याला कळेना, शेवटी ते त्यानं पाठीमागे धरले. "खालच्या दोरीवर टाकत जाईन मी. हिला हात वर करायला नको. हिनं नुसती टोकं धरायची."

बापाला इतकं एका दमात बोलताना लेकीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ती आईकडे वळली.

आई शेजारच्या फ्रिजवर चिकटवलेली माहिती मन लावून वाचत होती. चष्मा पर्समध्येच होता.