दाराशी बसलेला सनईवाला

भाचीच्या लग्नात आम्ही सगळे मानाप्रमाणे रांगेत बसलो होतो. सनईवाला म्हातारा तुंडुप जातीनं मोन, म्हणजे खालच्या मानलेल्या वाजंत्र्यांतला, म्हणून त्याची जागा रांग संपल्यावर, दाराशी, चपलांजवळ. माझा भाचा जिग्मेत हसत उठून दाराशी गेला आणि आपला प्याला म्हाताऱ्याजवळ टेकवून म्हणाला, "मेमे आजोबा, आण इकडे ती. एक व्हिडिओ होऊन जाऊ दे." म्हाताऱ्याच्या ओठांतून ओढलेली ओली सनई त्यानं तशीच तोंडात धरून फुंकली. "ही आपली परंपरा!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

तुंडुपला तहान लागली होती. त्यानं हाताशी असलेला तो प्याला उचलून जवाच्या छांगचा घोट घेतला. माझ्या बहिणीनं प्याला हिसकावून अंगणात भिरकावला.

"म्हातारा झालास, तरी पायरी कळेना? बाटवलास ना पोराचा प्याला!"

सनई म्हाताऱ्यापुढे टाकून जिग्मेत स्वतःचा व्हिडिओ बघत होता. मी माझा प्याला खाली ठेवला.

नवरी उंबऱ्याशी आली. सनईशिवाय तिला निघता येत नव्हतं.

"वाजव की आता," बहीण खेकसली.

तुंडुपनं सनईची तोंडात धरायची पत्ती उपटून अंगणात फेकली.

"कशी वाजवू, बाई? ही तुमच्या पोरानं बाटवली."