दुसरी गाडी

"वाळवंटात एकट्या गाडीने जायचं नाही. रुतली तर ओढायला दुसरी हवी," हे सदानंद दुबईत आल्यापासून घरादाराला ऐकवत आला होता. त्यामुळे इराने तोंडावर सांगितलं, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी शुक्रवारी हरणांच्या राखीव वाळवंटात जाऊन मी निनादला माळ घालणार," तेव्हा तो हसलाच. वर्कशॉपमधल्या त्या पोराकडे एकच जुनाट जीप होती.

"जा, यल्ला! रुतलात की मलाच फोन कराल."

शुक्रवारी इरा सकाळीच गेली. मागोमाग त्याची बायको सुचित्राही फुलं घेऊन देवळात जाते म्हणून निघाली. सदानंद चहाचा कप घेऊन फोनपाशी बसला. दुपारी फोन वाजला.

"रुतली ना?" त्याने मिशीत हसत विचारलं.

"अहो, रुतली होती. मी ओढून काढली." पलीकडे सुचित्रा होती.

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. त्याच्या पजेरोची जागा रिकामी होती.

"अगं, तुला वाळूत चालवता कुठे येतं?"

"इतकी वर्षं शेजारी बसून तुमच्या सूचनाच ऐकतेय ना!"

 

सुचित्राच पुढे म्हणाली, "आणि वाळवंटात पोरीला एकट्या गाडीने कसं जाऊ देणार?"