घासाघीस

"निम्म्याच्याही निम्म्यात मिळालं," तो म्हणाला आणि हातगाडीवरचं जाळं त्याने दारातच लोटून दिलं.

बायको हात पुसत बाहेर आली. वाकून तिने जाळ्याची एक बाजू उलगडली. मधोमध हातभर लांबीचं निळं ठिगळ होतं. पांढरा दोरा संपला तेव्हा ताडपत्रीची दोरी उसवून तिनेच ते भरलं होतं. गाठी दुहेरी वेढ्याच्या. तशी गाठ तिच्या माहेरी मारायचे, आणि त्यावरून तिने सासरी काय कमी बोलणी खाल्ली होती? एवढा दोरा घालायला तुझ्या बापाची गिरणी आहे का, असं सासू दर वेळी विचारायची.

जाळं त्यांचंच होतं. वर्षापूर्वी परसातून चोरीला गेलेलं. आणि चोर म्हणाल तर तीच होती.

काय करणार बापडी? होडी उलटली त्या दिवशी तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एका रिकाम्या पिंपाला धरून पाण्यात लटकला होता. घरी आणलं तेव्हा त्याची बोटं उघडेनात. तीन दिवस तोंडातून शब्द नाही. महिन्याभराने एकदा भिंतीकडे बघत म्हणाला, सोमवारी निघतो. ती बरं म्हणाली. तो किनाऱ्याला ओढून आणलेल्या होडीला डांबर लावायला गेला, तशी हिने जाळं गुंडाळलं आणि बंदरापलीकडच्या जुन्या सामानवाल्याला मिळेल त्या किमतीत देऊन टाकलं. संध्याकाळी परसात उभी राहून गळा काढला. चोरी खोटी होती, पण रडणं खरं होतं.

मग तो बर्फाच्या कारखान्यात लागला. लाद्या ओढून ओढून कंबर गेली, हाताला भेगा पडल्या. घरी यायचा तो नुसता ओला आणि दमलेला. पण यायचा. तिला तेवढं पुरे होतं. धास्ती होती ती दुसऱ्या जाळ्याची. होडीवरचे सोबती भेटले की विचारायचे, कधी येतोस? तोही दर सुट्टीला जाळं बघायला निघायचा.

इथे त्याचा चिक्कूपणा तिच्या मदतीला धावून आला. सामानावर पैसा घालणं मुळातच त्याच्या जिवावर यायचं. जाळ्याचे तरंगते तो जुन्या चपलांचे तळवे कापून करायचा. जाळं बुडवायला लागणारं शिसं टायरवाल्याच्या दारातून वेचून आणायचा आणि वितळवायचा. वाकलेला गळ दगडावर ठोकून सरळ करायचा. दुकानात गेला की निम्म्यात द्या, याखेरीज दुसरी भाषा नाही. धक्क्यावर त्याचं नावच निम्मे पडलं होतं. निम्मे आले, झाका दुकान, असं दुकानदार लांबूनच म्हणायचे. नणंद तर तोंडावर सुनवायची, की दादाच्या या असल्या स्वभावापायी चांगला धंदा बसला. ही मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, राहू दे बाई, असाच राहू दे.

आणि आज तो हे घेऊन आला होता.

पायरीवर बसून तो थकल्या आवाजात सांगत होता. कडेला तेवढं फाटलंय. चार दिवसांचं काम. भरून झालं की सोबत्यांना कळवतो, पुढच्या सोमवारी निघतो म्हणून. ती खाली बसली. जाळं मांडीवर ओढलं, सुईत दोरा भरला, पण हात पुढे जाईना. गप्प राहिलं तर हा जाणार. बोललं तर वर्षभर बर्फ ओढला तो बायकोच्या खोटेपणापायी, हे त्याला कळणार. पुन्हा कधी तो तिच्यावर विश्वास ठेवेल? न ठेवो. निदान जिता राहील.

"हे मीच विकलं होतं," ती म्हणाली. "चोरीबिरी काही झाली नव्हती. तुम्हाला पुन्हा त्या पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं मला. आता काय बोलायचं ते बोला."

त्याने चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या.

"ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला. "पहिल्याच महिन्यात त्या जुन्या सामानवाल्याच्या दुकानात टांगलेलं दिसलं. तुझी गाठ मला ओळखू येणार नाही होय?"

तिने सुई बाजूला टाकली. मग तिला संतापच आला. सगळं ठाऊक असून परत आणलंत कशाला, तिने विचारलं. एवढं होऊन जायचंच होतं?

"कुणाला जायचंय?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग खाली मान घालून तो सांगू लागला. नुसता धक्क्यावर उभा राहिला तरी त्याच्या पोटऱ्या लटपटायच्या. पण सगळं आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला? सोबत्यांना? बायकोला? म्हणून मग जाळं बघत हिंडायचं, त्याच त्या दुकानात जायचं आणि ऐकणाऱ्याला हसू येईल असा भाव सांगून परत यायचं. लोक चिक्कू म्हणत होते ते परवडत होतं.

"वर्षभर घासाघीस केली, ती त्याने नाही म्हणावं म्हणून," तो म्हणाला. "आज चार माणसांसमोर लेकाचा हो म्हणाला."