खिडक्या: एक

"घर कुठाय?" सरकारी साहेबाने तिसऱ्यांदा विचारलं.

खाणीत शिकलेल्या तुटपुंज्या इंग्रजीच्या जोरावर तावेत्ती सौनाकडेच बोट दाखवत राहिला. मिनेसोटाच्या त्या रानात फिनलंडहून आलेल्या प्रत्येकाने आधी दर शनिवारच्या वाफेच्या अंघोळीची अशी खोली बांधली होती. मग गाईचा गोठा, मग गवताची कोठी. माणसांच्या घराचा नंबर चौथा. तावेत्तीचं घर पाच वर्षं मनातच उभं होतं आणि जमिनीवरचा दावा पक्का करायची मुदत आज संपत होती. घर नाही, तर एकशे साठ एकर सरकारजमा.

साहेब वाकून आत डोकावून आला. टोपीला काजळी लागली होती. "ही तर धुरी द्यायची खोली आहे. मासे वाळवता का?"

"काय म्हणतोय?" लोविसाने नवऱ्याला विचारलं.

"मासे वाळवता का म्हणतोय."

"त्याला सांग, माझी दोन पोरं इथं जन्मली. सासूला शेवटची अंघोळ इथंच घातली. आम्ही निजतो इथंच. आणखी घरात काय करतात, ते विचार त्याला."

तावेत्तीने यातलं जमेल तेवढं इंग्रजीत लोटलं. साहेबाने कागद पुढे केला. "खिडक्या किती, असा रकाना आहे. तिथं शून्य लिहिलं तर घर होत नाही. मी काय करू?"

हे कळल्यावर लोविसा गोठ्यात गेली. पुढेमागे होणाऱ्या घरासाठी आणलेली एकुलती एक खिडकी तिने तिथं जपून ठेवली होती. खिडकी आणि करवत घेऊन ती परत आली.

"वेडी झालीस का? भिंतीला भोक पाडलंस तर वाफ आत राहील का? ही सौना मेली समज."

"तू खिडकी धर. काच फुटली तर जमीन गेली."

तासभर करवत चालली. साहेबाने मध्येच घड्याळ काढलं, पण तिच्याकडे बघून परत खिशात घातलं. खिडकी बसली. फटींत शेवाळ ठासलं गेलं. पाच वर्षांच्या काजळीवर पहिल्यांदाच ऊन पडलं. ते काही बघण्यासारखं दृश्य नव्हतं. साहेबाने रकान्यात 'एक' लिहिलं, सही ठोकली आणि घोडागाडी गाठली.

गाडी झाडांआड होईपर्यंत तावेत्ती हात हलवत होता. "झालं बाई एकदाचं घर," म्हणत तो वळला.

लोविसा करवत घेऊन रानाकडे निघालीसुद्धा होती.

"आज बुधवार," ती मागे न बघता म्हणाली. "शनिवारची अंघोळ कुठे करायची?"